नकाशावरचे तळे आणि जमिनीवरचे तळे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेल्या जाहीर सूचना आपल्यापैकी किती जण वाचतात? नाटकाची जाहिरात वाचली जाते, निधनवार्ता वाचली जाते, सोन्याचा भाव तर वाचला जातोच. परंतु ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, यातील इतके क्षेत्र शेती विभागातून वगळून निवासी विभागात घेण्याचे योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी’ अशा मजकुरावरून नजर सहज घसरते. तो वकिलांचा आणि दलालांचा मजकूर, आपला नव्हे, असे आपण धरून चालतो. वर्षा-दोन वर्षांनी तेथे खांब उभे राहिले म्हणजे मात्र आपण ओट्यावर बसून हळहळतो, की अरे, येथे तर तळे होते!

हा विषय सांस्कृतिक पानावर कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. तिचे उत्तर सोपे आहे. संस्कृती अधांतरी राहत नाही. गाण्याला बैठकीची खोली लागते, भजनाला देवळापुढची मोकळी जागा लागते, मुलांना खेळावयास अंगण लागते आणि या सर्वांना पावसाळ्यात कोरडे राहावयास पाण्याची वाट मोकळी असावी लागते. कोणत्या जमिनीवर काय व्हावे हे ठरले की तेथे कोणी, कसे राहावे हेही निम्मे ठरून जाते.

बडोदे शहराच्या घडणीचा अभिमान आपल्याला आहे आणि तो रास्त आहे. लहरीपुरा, पाणीदरवाजा, चांपानेर दरवाजा व गेंडीगेट या चार वेशींच्या मध्ये मांडवी, कोटाबाहेर सुरसागर, पलीकडे रावपुरा, दांडियाबाजार, बाबाजीपुरा येथील मराठी वाडे, आणि पश्चिमेकडे विश्वामित्री. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या जुन्या सांगाड्याला नवे अवयव जोडले गेले. नदीकाठची बाग १८७९ सालची. गायनशाळा १८८६ ची. मौलाबक्ष हे तिचे पहिले चालक. शहराला पाणी पुरविणारा आजव्याचा सयाजी सरोवर त्याच शतकाच्या अखेरच्या दशकातला. या प्रत्येक कामात एक गोष्ट ध्यानात येते. जागा निवडताना जमिनीचा उतार आणि पाण्याचा ओघ आधी पाहिला आहे. आजव्याचे पाणी शहराकडे आले ते उताराने आले. बाग नदीकाठी केली, कारण पूर आला तर बागेला चार दिवस पाण्यात राहता येते, वस्तीला येत नाही.

१९१६ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितांनी बडोदे शहराच्या वाढीसंबंधी एक अहवाल लिहिला. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत वैद्याची होती. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसे शहर पायी फिरून पाहिल्यावाचून त्याचा नकाशा काढू नये, असा त्यांचा आग्रह. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फोडून शेकडो घरे पाडण्यापेक्षा, निकामी झालेली मोजकी घरे काढून चौक मोकळे करावेत, बोळांना वारा द्यावा, असे ते सांगत. हिवतापाच्या भीतीने तळी बुजविण्याची टूम त्या काळी निघाली होती. तिलाही त्यांनी विरोध केला. तळ्यात मासे सोडा, बदके पाळा, तळे साफ ठेवा, पण तळे मोडू नका, हा त्यांचा सल्ला. शंभरांहून अधिक वर्षे उलटली, तरी या सल्ल्यातले एक अक्षरही शिळे झालेले नाही.

अर्थात, जुन्या काळाचे सोवळे करून बसण्याचे कारण नाही. दरबारने रस्ता आखला म्हणजे तो आखला. रयतेने हरकत घ्यावी अशी सोय त्यात फारशी नव्हती. राजा जाणता होता हे आपले भाग्य. आज तो जाणतेपणा कायद्याने तुमच्याआमच्याकडे सोपविला आहे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. १९५४ च्या कायद्याने साऱ्या शहराची विकास योजना करण्याची रीत आणली. बडोदे १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरातेत आले. आज लागू आहे तो गुजरातचा १९७६ चा नगररचना व नागरी विकास कायदा. त्यानुसार १९७८ साली वडोदरा नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘वुडा’, अस्तित्वात आले.

या कायद्याचा गाभा दोन नकाशांत आहे. पहिला विकास योजनेचा. त्यात शहर व भोवतालची गावे रंगांनी भरलेली असतात. निवासासाठी एक रंग, व्यापारासाठी दुसरा, कारखान्यांना तिसरा, शेतीला चौथा. ही योजना निदान दहा वर्षांतून एकदा तपासून घ्यावी, असे कायदा सांगतो. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी दोन महिने असतात. मध्येच एखाद्या जागेचा रंग बदलावयाचा झाला तरी सरकारला राजपत्रात तसे प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. बारीक टाइपातली ती सूचना ती हीच.

दुसरा नकाशा नगररचना योजनेचा, म्हणजे टी. पी. स्कीमचा. हिची कल्पना हुशारीची आहे आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. समजा, एका भागात पन्नास शेतकऱ्यांची वेडीवाकडी शेते आहेत. एखाद्याचा तुकडा त्रिकोणी, एखाद्याला रस्ताच नाही. सरकार ती जमीन विकत घेत नाही. सर्व तुकडे कागदावर एकत्र करते, त्यातून रस्ते, बागा, शाळेच्या जागा आखते आणि उरलेली जमीन नव्या चौकोनी भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत देते. जुन्या तुकड्याला मूळ भूखंड म्हणावयाचे, नव्याला अंतिम भूखंड. कायद्यात दिलेले साधारण प्रमाण असे : शंभर भागांपैकी १५ भाग रस्त्यांना, ५ भाग बागा व क्रीडांगणांना, ५ भाग शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना आणि १५ भाग प्राधिकरणाने विकून खर्च भागविण्यासाठी. परिस्थितीप्रमाणे हे कमीजास्त होते, दुर्बल घटकांच्या घरांचाही हिस्सा त्यात धरावा लागतो. म्हणजे हजार चौरस मीटरच्या धन्याला सुमारे सहाशे परत मिळतात. परंतु रस्त्यावर आलेले ते सहाशे पूर्वीच्या हजारांपेक्षा कितीतरी महाग असतात. आणि वाढलेल्या किमतीतला अर्धा वाटा त्याच्याकडून घेतला जातो. कोणी सर्वस्वी उघड्यावर पडत नाही आणि शहराला रस्ते मिळतात. देशातील इतर राज्यांतील नगररचनाकार ही रीत पाहावयास गुजरातेत येतात, ते उगीच नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते या नकाशाला दिसते काय, यापाशी. नकाशाला मालक दिसतो, क्षेत्रफळ दिसते, सर्व्हे नंबर दिसतो. पावसाळ्याचे चार महिने जेथे गुडघाभर पाणी साठते आणि दिवाळीनंतर जेथे हरभरा पेरतात, ती खोलगट जमीन मात्र कागदावर साधे शेतच असते. सरकारी दप्तरात तलाव म्हणून नोंद असेल तर तो वाचण्याची आशा. नोंद नसलेले तळे नकाशाच्या लेखी नाहीच! शेताच्या बांधाने वाहणारा ओहळही तसाच. बडोद्यात आपण ज्यांना कांस म्हणतो, ते रूपारेल, मसिया, भूखी हे मोठे ओघ नावाने ओळखले जातात. पण त्यांना येऊन मिळणाऱ्या लहान वाटांना नाव नाही आणि नंबरही नाही. योजनेतली नवी चौकोनी आखणी या वाटांवरून सरळ जाते. पाणी काही नकाशा वाचत नाही. ते आपल्या जुन्या वाटेने येते आणि वाटेत तळघर लागले तर तळघरात शिरते.

आमचे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात अखेरची काही वर्षे साथीला होते. आम्ही त्यांच्या उतारवयातले अपत्य. त्यांना शहर कानाने ठाऊक होते. पावसाळ्याच्या रात्री बैठकीहून पायी परतताना कोणत्या वळणावर बेडकांचा गलका एकदम मोठा होतो, हे ते नेमके सांगत. अशा तीन जागा त्यांनी आम्हाला दाखविल्या होत्या. त्या तिन्ही ठिकाणी आज चांगल्या उंच इमारती आहेत आणि दर श्रावणात तेथील रहिवासी पंप लावून पाणी उपसतात. वडिलांना नगररचनेतले काही कळत नव्हते. परंतु त्या तीन भूखंडांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते कोणत्याही नकाशात नव्हते, आणि ते त्यांना कोणी विचारलेही नाही.

अशा दुर्लक्षाची किंमत काय पडते, हे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस साऱ्या बडोद्याने पाहिले. विश्वामित्री पावागडाकडून येते, शहराच्या मधून नागमोडी जाते आणि पुढे ढाढरला मिळते. तिच्या दोन्ही काठांना कोतरे आहेत. मोठा पाऊस झाला म्हणजे ही कोतरे आणि आसपासची खोलगट जमीन पाणी काही काळ पोटात घेत व हळूहळू सोडीत. ती भरावाने उंच झाली, त्यांवर वस्ती झाली, आणि पाण्याला राहावयास जागा उरली नाही. त्या वर्षी मुसळधार पाऊस, आजव्याचे पाणी आणि आकुंचित पात्र यांची गाठ पडली. निम्मे शहर कित्येक दिवस पाण्यात होते. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या, त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. जगाला मगरींचे नवल वाटले. आपल्याला वाटावयास हवे होते ते दुसऱ्याच गोष्टीचे, की राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीचे पूरक्षेत्र आखून ते राखण्याविषयी २०२१ सालीच आदेश दिलेला होता! पुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, नदीचे पात्र खोल-रुंद करण्याचे मोठे काम झाले. ते आवश्यक असेल. पण पात्रातून काढलेला गाळ म्हणजे कोतरांत टाकलेल्या भरावाला उत्तर नव्हे.

शहरात हे होऊन गेले. आता पाळी भोवतालच्या गावांची आहे. गोत्री, गोरवा, समा, हरणी, तरसाली ही एके काळची खेडी. प्रत्येकाला आपले तळे, आपले गावठाण. आज त्यांना कोणी खेडे म्हणणार नाही. २०२० साली भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. त्या वेळी गावकऱ्यांनी विरोध केला होता, तो केवळ कर वाढतील एवढ्याचसाठी नव्हता. ग्रामपंचायत असते तोवर गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत निघतो. म्हातारा उठून उभा राहतो आणि सांगतो, की बाबांनो, येथून पाणी जाते, येथे बांधू नका. हद्द बदलली की ग्रामसभा संपते. म्हातारा राहतो, पण त्याने उठून उभे राहावयाची जागा राहत नाही. गावाच्या सामाईक जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, फार स्पष्ट शब्दांत निकाल दिला आहे. गावतळी व गायराने यांवरील बेकायदा अतिक्रमणे काढून त्या जमिनी ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत द्याव्यात, असे त्यात सर्व राज्यांना सांगितले आहे. परंतु निकाल झाला तरी त्याचा हवाला देणारे कोणी तरी गावात असावे लागते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शहर वाढणार, ते थांबवावे असे म्हणणे शहाणपणाचे नाही. शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या जमिनीचा भाव हवा आहे आणि तो त्याचा हक्क आहे. पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहून आपण त्याला ‘तू मात्र शेतीच कर’ असे सांगणे शोभत नाही. आणि वाड्यांचे म्हणाल तर ते परक्याने येऊन पाडलेले नाहीत. पाच भावांपैकी एक पुण्यास, एक परदेशी, दोघे निवर्तलेले आणि उरलेला एक गळक्या माजघरात. त्याने वाडा विकला तर त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत? रस्ता रुंद झाला की त्यावरच्या इमारतींना अधिक उंची व दुकाने यांची परवानगी मिळते; भाव वाढतो, आणि वाडा राखणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. यात दोष माणसांचा थोडा आणि नियमांच्या रचनेचा फार आहे.

म्हणून बदल नकोच असा हट्ट आमचा नाही. गाण्यात लय वाढविता येते, ताना नव्या घेता येतात, शिष्य गुरूपेक्षा निराळा गाऊ शकतो. सम मात्र आपल्या जागी यावी लागते. जमिनीच्या बाबतीत पाण्याची वाट ही सम आहे. ती न हलविता बाकी काय हवे ते करावे.

ती कोठे आहे हे सांगण्याचे काम आपले, विशेषतः या शहरात जुन्या काळापासून राहणाऱ्या मराठी घरांचे. आपल्याकडे जे आहे ते पुष्कळांकडे नाही. कोणाकडे मोडीतल्या सनदा आहेत, कोणाकडे इनामाच्या जमिनीचे कागद, कोणाकडे विहिरीच्या वाटणीचा करार. कोणाच्या आजीला आठवते की ऋषिपंचमीला कोणत्या तळ्यावर जात असत. हे कागद ट्रंकेत आणि त्या आठवणी ओट्यावर पडून आहेत. त्यांचा पुरावा होऊ शकतो, मात्र तो मुदतीत दिला तर.

हरकत कशी लिहावी, हेही सांगून ठेवतो. ‘शहराचे सौंदर्य नष्ट होईल’, ‘आमच्या भावना दुखावतील’ असे लिहिलेल्या अर्जाचे कचेरीत काय होते हे सांगावयास नको. गाव, सर्व्हे नंबर किंवा भूखंडाचा क्रमांक लिहावा. तेथे काय आहे ते एका वाक्यात लिहावे : हा भूखंड दर वर्षी आषाढापासून पाण्याखाली असतो, पूर्वेच्या शेतांतले पाणी येथून कांसात जाते. मग पुरावा जोडावा. जुन्या मोजणीचा नकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रिका, पावसाळ्यातले तारखेसह छायाचित्र, वृद्धांचे सहीनिशी निवेदन. आता उपग्रहाने घेतलेली जुनी चित्रेही घरबसल्या पाहता येतात. शेवटी काय करावे ते सुचवावे : रस्ता वीस फूट सरकवावा, बागेची जागा येथे धरावी, पाण्यासाठी पट्टा मोकळा ठेवावा. बागेसाठी जागा राखावयाचीच आहे, तर ती उंचवट्यावर कशाला? खोलगट भागीच राखली म्हणजे बाग होते आणि तळेही राहते. असे सुचविणाऱ्याचा अर्ज अधिकाऱ्यालाही हवासा वाटतो. अर्ज दिल्यावर पोच घेण्यास विसरू नये.

मुदतीचा हिशेब पक्का असावा. विकास योजनेच्या मसुद्यावर कोणीही दोन महिन्यांत हरकत घेऊ शकतो. नगररचना योजनेच्या मसुद्यावर ज्याला तिची झळ पोचते त्याने एका महिन्यात लिहावयाचे असते. त्याआधी मालकांची सभा बोलावून योजना समजावून सांगतात, तेथे जावेच. मसुद्याला एकदा सरकारची मंजुरी मिळाली की रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी ठेवलेली जमीन प्राधिकरणाकडे जाते. पुढे नगररचना अधिकारी मालकांचे म्हणणे ऐकतो खरा, पण तोवर रस्त्याची रेघ पक्की झालेली असते. बेकायदा बांधकामे दंड भरून नियमित करण्याचे कायदेही गुजरातेत २०११ व २०२२ साली झाले, हे ध्यानात ठेवावे. इमारत एकदा उभी राहिली म्हणजे ती बहुधा उभीच राहते. वेळ आहे तो खांब उभे राहण्याआधीचा.

आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा व्याख्यानमाला करावी, गणेशोत्सवात गाणे ठेवावे. ते तर करावेच. त्याबरोबर एवढे आणखी करावे. प्रत्येक पेठेतून एक वाचणारा माणूस नेमावा. त्याने राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या सूचना पाहाव्यात, आपल्या भागाची सूचना दिसताच मंडळाच्या फळ्यावर लावावी आणि नकाशा ठेवलेल्या कचेरीत दोन-चार जणांना घेऊन जावे. बरोबर एक तरी म्हातारे माणूस असू द्यावे. नकाशा टेबलावर पसरला की त्यांना चष्मा लावावयास सांगावे आणि एवढेच विचारावे : यात काय राहिले आहे?